उतरलेला सा

"हिंडा आता."

पेटीच्या भात्यावरचा डावा हात उचलायचा, कोंबड्यांना दाणे टाकावेत तसा हवेत एकदा झटकायचा आणि म्हणायचं, "हिंडा आता." चाचांची ही नेहमीची लकब. समोर अकरा मुलं आपापल्या गोणपाटावर बसून या दोन शब्दांची वाट बघत असायची. शब्द निघाले की उठायची, त्याआधी नाही. एकदा ऐन वेळी चाचांना असा ठसका लागला की शब्दच फुटेना. मदतनीस मावशींनी "हिंडा आता" म्हणून पाहिलं, मीही म्हणून पाहिलं. एकही पोर हललं नाही. चाचा पाणी प्यायले, त्यांनी डोळे पुसले, हात झटकला, दोन शब्द म्हटले, मग सगळी उठली. मी त्या दिवशी पोट धरून हसले होते.

महाडच्या बाजारपेठेत सायकलच्या एका दुकानावर लाकडी माळा होता, तिथे चाचा पेट्या दुरुस्त करायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांच्या दुकानाला पाटी नसते आणि तरी पत्ता सगळ्यांना ठाऊक असतो. कुवेतमध्ये चौदा वर्षं एसी दुरुस्त करून ते परत आले आणि वडिलांचं बंद पडलेलं पेट्यांचं काम पुन्हा सुरू केलं. पाचाडपासून पोलादपूरपर्यंतची भजनी मंडळं त्यांच्याकडे पेट्या टाकून जायची. गणपती जवळ आले की माळ्यावर पाय ठेवायला जागा नसायची. एका बुवांनी चहा पिता पिता विषय काढला, "चाचा, गाणं आमच्या देवाचं आणि पेटी तुमच्या हातची." चाचांनी त्यांच्या पेटीचं झाकण उघडून आत दाखवलं. म्हणाले, "पेटीला जात नाय बुवा. वाळवी हाय."

काम चोख, पण वेळेवर कधी नाही. "जुम्म्यानंतर या," एवढंच सांगायचे. कुठल्या जुम्म्यानंतर, हे विचारायची सोय नव्हती. बाजारपेठेत एखादी गोष्ट होण्यातली नसली की लोक म्हणायचे, होईल की, चाचांच्या जुम्म्याला. हे चाचांच्या कानावर गेलं होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नसे.

मी तेव्हा एका संस्थेचा वर्ग चालवत होते. एसटी स्टँडमागचा एक हॉल, मी, मावशी आणि अकरा मुलं. कोणाची बुद्धी वयाच्या मागे राहिलेली, कोणी ऐकू न येणारं, कोणी आपल्याच जगात गरगर फिरणारं. कोणीतरी वर्गाला जुनी पेटी भेट दिली. तिच्या भात्यात उंदरांनी संसार मांडला होता, म्हणून ती चाचांकडे गेली आणि तीन जुम्म्यांनंतर ते स्वतःच ती खांद्यावर घेऊन आले. पेटी ठेवली आणि दाराशीच उभे राहून मुलांकडे बघत राहिले.

"काय शिकवता यांना?"

"बटण लावायला, हात धुवायला, रंग ओळखायला."

"आन् सूर?"

मी म्हटलं, "चाचा, यातल्या निम्म्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही."

"ऐकायला नाव कशाला सांगायला पायजे, बाय?" असं म्हणून ते गेले. पुढच्या मंगळवारी सकाळी परत आले, ते स्वतःची पेटी आणि भाताच्या रिकाम्या गोण्यांचं बोचकं घेऊनच. मी बोलावलं नव्हतं. नंतर मंगळवार आणि गुरुवार हे त्यांचे वार ठरून गेले.

इथे एक कबुली देते. माझे कान चष्मा अडकवण्यापुरते आहेत. सा आणि प यांतला फरक मला आजही कळत नाही. चाचा मला मुलांत धरायचे. "अकरा पोरं आन् बाराव्या तुम्ही," असं म्हणायचे.

त्यांनी मुलांसाठी खेळ काढले. सात विटांच्या चढत्या पायऱ्या केल्या, एकेका सुराला एकेक वीट चढायची. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी ढोलकीच्या पुडीवर तांदळाचे दाणे ठेवायचे. हळू थाप दिली की दाणे जागच्या जागी थरथरायचे, जोराची दिली की उड्या मारायचे, आणि तो मुलगा तेवढ्याच जोराने आपल्या मांडीवर थाप मारायचा. पण त्यांचा मुख्य खेळ होता घराचा. प्रत्येकाचं गोणपाट म्हणजे त्याचं घर. चाचांच्या पेटीच्या एका पट्टीवर मावशींच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता, तो सा. बाकी काहीही वाजलं तर हॉलभर फिरायचं. सा वाजला की घरी येऊन बसायचं. आणि सा थांबला तरी उठायचं नाही. चाचा "हिंडा आता" म्हणेपर्यंत बसून राहायचं.

"थांबल्यावर का बसवता?" मी विचारलं होतं.

"गप ऱ्हाणं बी गाण्यातलंच हाय," ते म्हणाले. "नायतर ती गडबड."

तीन महिने कोणी बसलं नाही. अपवाद उमेशचा. हा गोल चेहऱ्याचा हसरा मुलगा सा वाजो, रे वाजो, कावळा ओरडो, आपल्या गोणपाटावर बसलेलाच असायचा. चाचा त्याला 'घरजावई' म्हणायचे. मग हळूहळू एकेक पोर बसायला लागलं. कोण दुसऱ्याचं बघून, कोण चाचांच्या मानेकडे बघून. चाचांना ते कळायचं, म्हणून ते पेटी दाराकडे वळवून मुलांकडे पाठ करून वाजवायचे. पाठ करूनही बसली, ऐकू न येणारा तेवढा बाकीच्यांचं बघून, तेव्हा मी मानलं.

राहिली फक्त दीपाली.

दीपाली तेव्हा दहा वर्षांची होती. बोलत नसे. पोलादपूरच्या पुढे घाटाच्या पायथ्याला तिची वाडी, हायवेला लागूनच. तिची आई हायवेवरच्या एका हॉटेलात भांडी घासायची आणि आठवड्यातून दोनदा सकाळची सुट्टी घेऊन एसटीने लेकीला वर्गात आणायची. पहिल्याच दिवशी मला दीपालीच्या घोट्यावर काळपट वळ दिसला. मी विचारायच्या आधी आईनेच सांगितलं.

"बांधते तिला. खांबाला, लुगड्याच्या पट्टीनं. नाय बांधली तर रस्त्यावर जाते. ट्रक हायत बाई."

त्या बाईने मला बोलणं, लिहिणं, हिशेब काहीच मागितलं नाही. म्हणाली, "बांधल्याबिगर एका जाग्याला बसंल काय, एवढंच बघा." हे चाचांनी ऐकलं होतं. त्या दिवसापासून त्यांचा खेळ मला वाटतं एकाच मुलीसाठी चालला होता, बाकीची दहा सोबतीला होती.

सहा महिने ती फिरत राहिली. भिंतीला हात लावून हॉलच्या कडेकडेने, घाण्याच्या बैलासारखी. एका गुरुवारी चाचांनी पाठ करून सा धरला आणि दीपाली खिडकीपाशी थांबली. मान तिरकी केली. मग वळून, उमेशला ओलांडून, बरोबर आपल्या गोणपाटावर येऊन बसली. चाचांनी सा सोडलाच नाही. भाता मारत राहिले. दाराशी तिची आई पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. मी चाचांना म्हटलं, "बसली." ते पाठमोरेच म्हणाले, "ठावं हाय. पायांचा आवाज थांबला ना." त्यांचा भात्यावरचा हात दुखून आला असेल, इतका वेळ ते वाजवत होते.

त्यानंतर ती दर वेळी बसली. लाल ठिपक्याची पट्टी मी दाबली तरी बसायची, मावशींनी दाबली तरी. चाचांनी आईला शब्द दिला, "ताई, तुला एक बारकी पेटी करून देतो. एकाच सुराची. उंबऱ्यात बसून वाजवलीस का घरी येऊन बसंल. बांधू नको मग."

"कवा देता?"

"जुम्म्यानंतर."

ती बिचारी महाडची नव्हती. तिला वाटलं, येत्या शुक्रवारनंतर.

आता चाचांच्या पेटीबद्दल सांगायला हवं. पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली पितळेची बारीक जीभ असते, हवा लागली की ती थरथरते आणि सूर निघतो. टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. साऱ्या मुलखाच्या पेट्या सुरात लावणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या पेटीचा सा उतरलेला होता. दिव्याखाली अंधार. मला अर्थातच तो कळत नव्हता, पण पेट्या द्यायला येणारे बुवा कान पकडायचे. "चाचा, तुमचा सा झोपलाय." चाचा हसून म्हणायचे, "दमलाय बिचारा. सगळ्यांत जास्त तोच वाजतो." आणि लावू म्हणायचे, जुम्म्यानंतर.

वर्गाला दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मुंबईहून पाहुणे येणार असं कळलं. वर्ग पुढे चालवायचा की नाही, हे तेच ठरवणार होते. आम्ही हॉल धुतला. मावशींनी रांगोळी काढली. मुलांच्या नखांपासून केसांपर्यंत सगळं मी स्वतः तपासलं. दीपालीच्या आईने तिला नवा फ्रॉक घातला होता, त्याचा किमतीचा बिल्ला काढायचा राहिला होता.

पाहुणे आले. चाचा धुतलेला पांढरा कुर्ता घालून बसले. संस्थेचा एक तरुण मोबाइलवर चित्रण करत होता. चाचांनी पाठ केली, सरगम फिरवली, मुलं हॉलभर फिरली. मग त्यांनी सा धरला.

कोणी बसलं नाही.

एकटा उमेश बसला होता, आणि तो आधीपासूनच बसलेला होता. बाकीची फिरत राहिली. काही बावरून एकमेकांकडे बघायला लागली. दीपाली खिडकीपाशी गेली, थांबली, मान तिरकी केली, आणि पुन्हा भिंतीला हात लावून चालू लागली. चाचांनी सा पुन्हा धरला. पुन्हा. पायांचे आवाज थांबले नाहीत. एका पाहुण्या बाईंना दया आली असावी, त्यांनी उमेशकडे बघून टाळ्या वाजवल्या. उमेशने उठून त्यांना वाकून नमस्कार केला. आयुष्यात पहिल्यांदा तो सा चालू असताना उठला होता.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "बुजली असतील. नवीन माणसं बघून." चाचांनी मान हलवली. पुढच्या मंगळवारी पाहुणे नव्हते, रांगोळी नव्हती, तरीही कोणी बसलं नाही. तेव्हा त्यांनी पेटी मांडीवर ओढली, झाकण उघडलं आणि त्या एका जिभेकडे बराच वेळ बघत बसले.

"मी लावली होती, बाय," ते म्हणाले.

"काय?"

"पेटी. पाव्हणे येणार म्हनून. मोठ्या शहरातली माणसं, म्हटलं हसतील, पेटीवाल्याचाच सा उतरलेला. बुधवारी बसून घासली. बरोबर लावली."

मला समजायला वेळ लागला. ज्यांना कान आहेत त्यांना एव्हाना समजलं असेल. मुलांना सा असा काही कळलाच नव्हता. त्यांना कळली होती ती या पेटीची ती एक दमलेली जीभ, तिचा तो नेमका उतरलेला आवाज. तेच त्यांचं घर होतं. चाचांनी पाहुण्यांसाठी घर झाडावं तसा तो सूर झाडून काढला आणि मुलांना घर दिसेनासं झालं.

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. आयुष्यात एक काम या माणसाने वेळेवर केलं, ते हे. आणि ती एकाच सुराची बारकी पेटी, जी जुम्म्यानंतर होणार होती, ती वेळेत झाली असती तर तो जुना सूर निदान तिच्यात तरी राहिला असता. हे मी त्यांना बोलून दाखवलं. बोलायला नको होतं. ते एवढंच म्हणाले, "तेच म्हनतो मी."

वर्ग त्या उन्हाळ्यात बंद झाला. कागदावर लिहून आलं की अपेक्षित परिणाम दिसला नाही. खोटं नव्हतं ते. मुलं आपापल्या घरी गेली, मावशी एमआयडीसीतल्या एका कँटीनमध्ये पोळ्या लाटायला लागल्या, मी दुसऱ्या शाळेत लागले. चाचा मात्र थांबले नाहीत. दर रविवारी सकाळच्या एसटीने, पेटी मांडीवर घेऊन, ते दीपालीच्या वाडीला जाऊ लागले. काही रविवार मीही गेले.

ओटीवर बसायचे. जीभ काढायची, बुडाशी काचकागदाचा एक हलका हात द्यायचा, परत बसवायची, वाजवायची. दीपाली अंगणात फिरत असायची. तिच्याकडे बघायचं. पुन्हा काढायची, पुन्हा घासायची. आईने तिच्यासाठी ओटीच्या कोपऱ्यात वर्गातलं तिचं गोणपाट अंथरून ठेवलं होतं. दर वेळी सा वाजला की आम्ही तिघंही त्या गोणपाटाकडे बघायचो.

मी म्हटलं, "चाचा, रोज वाजवत होतात तो सूर. तुम्हाला आठवत नाही?"

"बरोबर सूर कुठूनबी सापडतो, बाय. दुनियाभर एकच हाय तो. चुकलेला कुठं शोधू? मी तर कान मिटून वाजवायचो त्यो." मग हसले, पण बरं नव्हतं ते हसणं. "बुवा सांगायचे तवा ऐकून घेतलं असतं तर मोजून ठेवला असता."

पितळ घासून घासून पातळ होतं आणि मग तुटतं. एक तुटली की ते दुसरी बसवायचे. तुटलेली जीभ काडेपेटीत ठेवायचे, टाकून देत नसत. पहिल्या रविवारी आईने पोहे केले होते. पुढे नुसता चहा यायला लागला. पुढे ती कामाला जाऊ लागली, रविवारी हॉटेलात गर्दी असते. मग ओटीवर चाचा पेटी लावत बसलेले आणि खांबाला बांधलेली दीपाली लुगड्याची पट्टी पोहोचेल तिथपर्यंत फिरते आहे, असं चित्र मी एकदा पाहिलं. मी म्हटलं, "सोडू या का तिला? आपण आहोत ना." चाचा म्हणाले, "सोडलीय दोनदा. मी पेटीत मान घातली का निघते. गेल्या टायमाला पार रस्त्यापर्यंत गेली. आता माझ्यानं धावणं व्हत नाय."

त्यांना साखर होती. पायाची जखम भरत नव्हती, तरी एसटीच्या पायऱ्या चढत होते. गणपतीच्या आधी भजनी मंडळांच्या पेट्या माळ्यावर पडून राहिल्या आणि त्या वर्षी पहिल्यांदाच बुवांनी त्या परत नेऊन दुसरीकडे दिल्या. मला त्यांच्या शेजाऱ्यांनी फोन केला तो एका गुरुवारी. दुसऱ्या दिवशी दफन होतं, जुम्म्याच्या नमाजानंतर. बाजारपेठेतला एक दुकानदार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बघा, जुम्मा पाळला शेवटी." तो चेष्टा करत नव्हता, त्याचे डोळे लाल झालेले होते.

मुलगा कुवेतहून आला. माळा रिकामा करताना त्याने पेटी मला दिली. "अब्बा तुमच्या वर्गाचं फार बोलायचे," म्हणाला. पेटीच्या आत ती काडेपेटी होती. तिच्यात नऊ तुटलेल्या जिभा निघाल्या. पेटी माझ्या कपाटावर आहे. लाल ठिपका अजून आहे. मी ती वाजवत नाही, वाजवून मला काय कळणार?

चाचा गेल्यावर दीड वर्षाने दीपालीच्या आईचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"बाई, हिला नवीनच काय झालंय. गिरणीत नेली का खाली बसते. उठतच नाय. डॉक्टर झाला, भगत झाला. तुम्ही येऊन बघा."

मी गेले. वाडीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये पिठाची गिरण नवीनच लागली होती. दीपाली आता थोराड दिसत होती, आईच्या डोक्याला लागलेली. आईच्या एका हातात तांदळाचा डबा आणि दुसऱ्या हातात लेकीचं मनगट. आम्ही आत गेलो. आधीच्या गिऱ्हाइकाचं दळण चाललं होतं. दीपाली भिंतीला हात लावून फिरत होती. दळण संपलं, दाणे ओतायची वरची कोठी रिकामी झाली आणि गिरण नुसतीच फिरायला लागली. आवाज बदलला, हे मलासुद्धा कळलं.

दीपाली थांबली. मान तिरकी केली. आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या जमिनीवर, रिकाम्या पोत्यांच्या ढिगाशेजारी, मांडी घालून बसली.

मी गिरणीवाल्याला म्हटलं, "दाणे टाका." त्याने आईच्या डब्यातले तांदूळ ओतले, आवाज जड झाला. ती बसूनच होती. "आता पुन्हा रिकामी चालवा," मी दळण संपल्यावर म्हटलं. तो वैतागला, पण चालवली. ती बसलेलीच. उठायचं काही कारणच नव्हतं. तिला ज्यांनी बसायला शिकवलं, त्यांनी आवाज थांबला तरी उठायचं नाही असंच शिकवलं होतं.

तो रिकाम्या गिरणीचा आवाज म्हणजे चाचांचा उतरलेला सा होता का? मला माहीत नाही. कळेल असा एकच माणूस होता. इतके रविवार तो पेटी मांडीवर घेऊन याच रस्त्याने आला आणि गेला, तेव्हा ही गिरण नव्हती.

तेवढ्यात लाईट गेली. गिरण थांबली. शेडमध्ये एकदम शांत झालं आणि हायवेवरचे ट्रक ऐकू यायला लागले.

"बघा," आई म्हणाली. "आता तासभर बसंल. परवा मी नि हा गिरणीवाला, दोघांनी उचलून घरी नेली." मग माझ्याकडे बघून, रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाली, "बसायला तुम्हीच शिकवलंत ना बाई. आता उठायला शिकवा."

मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. सा, गोणपाट, पाहुणे, घासलेली जीभ. तिने ऐकून घेतलं. "म्हंजे हिला घर वाटतं हितं?"

"असावं."

"घर तर हाय की तिला," ती म्हणाली.

मी फोन काढला. माझ्याकडे चाचांचं एकच चित्रण आहे, पाहुणे आले त्या दिवसाचं. त्यात ते सरगम वाजवतात, सा धरतात, पुन्हा धरतात. त्यात ते "हिंडा आता" एकदाही म्हणत नाहीत, कारण त्या दिवशी कोणी बसलंच नव्हतं. हे मला आठवलं आणि मी फोन परत पर्समध्ये ठेवला.

मग मी दीपालीसमोर उभी राहिले. डावा हात वर केला. चाचा झटकायचे तसा झटकला. गिरणीवाला माझ्याकडे बघत होता.

"हिंडा आता," मी म्हटलं.

दीपालीने मान वर केली. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे तिने बघितलं, आणि बघतच राहिली. मीही वळून बघितलं. दारात कोणी नव्हतं.

आईने पिठाचा डबा खाली ठेवला, पदर खोचला. तिने एका काखेत हात घातला, मी दुसऱ्या, आणि आम्ही दोघींनी तिला उचललं. ती बरीच जड झाली आहे.